लागू पडलेली दवा

पॅथॉलॉजिस्टकडे माणूस येत नाही, माणसाचा थेंब येतो. त्यामुळे आमच्या धंद्यातल्या लोकांना आठवणी लिहायला सांगितलं की पंचाईत होते. सर्जनला ऑपरेशनं आठवतात, बाळंतपणं करणारीला बाळं आठवतात, आम्हाला काचपट्ट्या आठवतात. पण मी जन्मभर जव्हारला एका धर्मादाय रुग्णालयात काम केलं, आणि तिथे थेंबामागोमाग माणूसही आत यायचा. काढलेलं रक्त कुठे नेता, उरलेलं परत देता का, असे प्रश्न घेऊन. एक म्हातारी तर रक्त दिल्यावर माझ्या दारातच बसून राहिली. ते ओतूनच टाकायचं असेल तर तिच्या खाचरात ओतावं, निदान भाताला लागेल, असं तिचं म्हणणं होतं. मी तिला मायक्रोस्कोपखाली तिचंच रक्त दाखवलं. तिनं डोळा लावला, जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "ही तर नाचणी सांडलीय." मग समाधानानं उठून गेली. तांबड्या पेशींचं याहून चांगलं वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

या आठवणी मागणाऱ्या संपादकांना असेच किस्से हवे होते, आणि माझ्याकडे ते पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलं की गेल्या दोन वर्षांतलं एकच प्रकरण पुढे येतं. ते बाजूला ठेवून बाकीचं लिहिणं मला जमलं नाही.

लहानू सूर्यमाळच्या एका पाड्यावरचा. वय चाळिशीच्या आतबाहेर. पावसाळ्यात भात, नाचणी, वरई. दिवाळीनंतर बायको सोनीबरोबर भिवंडीकडे बांधकामावर. एक मुलगी, आश्रमशाळेत. पाऊस उघडल्यावर तो आमच्याकडे आला तेव्हा अंगात ताप होता, हातापायाच्या काड्या झालेल्या, आणि पोटाची डावी बाजू तेवढी फुगलेली. आमच्या भागात पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेला माणूस नवा नाही. मलेरियानं वाढते, सिकलसेलनं वाढते. दोन्ही तपासण्या झाल्या, दोन्ही नव्हते. रक्त मात्र सगळ्या बाजूंनी उतरलं होतं. तांबड्या पेशी कमी, पांढऱ्या कमी, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटही कमी.

काचपट्टीवर पांढऱ्या पेशी हुडकाव्याच लागत होत्या. ज्या सापडल्या त्यातल्या काहींच्या कडांना बारीक केस फुटल्यासारखे दिसत होते. पट्टी खराब झाली असेल म्हणून मी दुसरी केली. तिच्यावरही तेच. अशा पेशी मी जव्हारला कधी पाहिल्या नव्हत्या. मुंबईला मात्र पाहिल्या होत्या.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. शिक्षण झाल्यावर जव्हारला परतण्याआधी मी मुंबईत एका संशोधन प्रयोगशाळेत होते. आमचा विषय होता बी पेशी. ही पांढऱ्या पेशींचीच एक जात. शरीरात जंतू शिरले की त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं बनवणं हे तिचं काम. एरवी ती निवांत पडून असते. हाक आली की वाढते, आपल्यासारख्या पुष्कळ तयार करते, आणि काम संपलं की त्यातल्या बहुतेक मरून जातात. कर्करोग होतो तेव्हा यातलीच एखादी पेशी हाक नसताना वाढत सुटते, किंवा मरायचं विसरते.

इंटरफेरॉन हाही शरीरातलाच पदार्थ. विषाणू शिरलेली पेशी तो बाहेर सोडते आणि शेजारच्या पेशींना सावध करते. तोच कारखान्यात बनवून औषध म्हणून टोचता येतो. आम्ही प्लास्टिकच्या बशांत बी पेशी वाढवायचो आणि त्यांच्यावर इंटरफेरॉन घालून काय होतं ते पाहायचो. निरोगी माणसाच्या पेशींना वाढीची हाक दिलेली असली आणि वर बेतानं इंटरफेरॉन घातलं, तर त्या आणखी जोमानं वाढायच्या. जास्त घातलं तर मंदावायच्या. केसाळ पेशींच्या रक्तकर्करोगात मात्र त्याच औषधानं वाढीला खीळ बसायची आणि पेशी हळूहळू मरू लागायच्या. तिसऱ्या बशीत बी पेशींच्याच दुसऱ्या एका संथ रक्तकर्करोगातल्या पेशी असायच्या. या पेशी शरीराबाहेर काढल्या की एरवी आपणहून मरतात. इंटरफेरॉन घातलं की जास्त जगायच्या. म्हणजे औषध एक, पेशींची जात एक, आणि एका बशीत ते मारतं, दुसरीत वाढवतं, तिसरीत नको तिला जगवतं. हे आमच्याआधी इतरांनीही पाहिलं होतं. असं का, ते आम्ही शोधत होतो. मी असेपर्यंत तरी ते पुरतं कळलं नाही. मग आईच्या आजारपणामुळे मी जव्हारला आले ती इथलीच झाले, आणि त्या बशा मागे राहिल्या.

लहानूला आम्ही मुंबईला पाठवलं. तिथे हाडातला मगज तपासून निदान पक्कं झालं: केसाळ पेशींचा रक्तकर्करोग. क्वचित दिसणारा, पण रक्ताच्या कर्करोगांत त्यातल्या त्यात बरा. त्यावर आता एक जोरदार औषध आहे, एका फेरीत आजार कित्येक वर्षांसाठी बसवणारं. पण लहानूच्या छातीत क्षय निघाला. त्या जोरदार औषधानं चांगल्या पांढऱ्या पेशीही काही महिने निकामी होतात. क्षय पेटलेला असताना ते देणं म्हणजे चोर घरात असताना राखणदाराला रजा देण्यासारखं. म्हणून तिथल्या डॉक्टरांनी जुना रस्ता धरला. क्षयाच्या गोळ्या चालू, सोबत दिवसाआड कातडीखाली इंटरफेरॉन. क्षय आटोक्यात आला की मग जोरदार औषध. फोनवर त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे भरवशाचा फ्रीज आहे ना? मी हो म्हटलं. कशासाठी ते कळल्यावर मला, खरं सांगते, आनंद झाला. बशीत पाहिलेलं माणसात पाहायला मिळणार होतं.

लहानू आणि सोनी जव्हारबाहेर सोनीच्या बहिणीकडे राहायला आले. पहिले काही आठवडे वाईट गेले. इंटरफेरॉन टोचलं की हुडहुडी भरते, ताप येतो, अंग मोडून येतं. विषाणूच्या तापात शरीर जे करतं तेच हे औषध करतं. मी हे सोनीला समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताप घालवायला आणला त्याला. तू दवा देतेस का तापच देतेस, बाय?" डोंगरावरची माणसं सगळ्यांना 'तू' म्हणतात, डॉक्टरणीलाही, आणि ते ऐकायला बरं वाटतं. लहानू मात्र कुरकुरला नाही. त्यानं त्या इंजेक्शनचं नाव 'थंडीची सुई' ठेवलं आणि सुईच्या दिवशी घोंगडी बरोबर घेऊन यायला लागला.

काचपट्ट्या बघणं माझं काम, पोट तपासणं माझं नव्हे. पण त्याची पाणथरी मी स्वतः चाचपायची. तिची कड जिथे लागेल तिथे बॉलपेननं रेघ ओढायची. पुढच्या खेपेला कड रेघेच्या वर सरकलेली असायची, म्हणजे पाणथरी आक्रसत होती. लहानू ती रेघ पुसू द्यायचा नाही, आंघोळीतही नाही. सोनी हसून सांगायची, पोटावर सातबारा काढलाय म्हणतो. आधी प्लेटलेट चढल्या, मग तांबड्या पेशी. उन्हाळा संपता संपता काचपट्टीवर केसाळ पेशी शोधूनही सापडेनात. कुठल्याच शोधनिबंधात माझं नाव आलं नाही याची खंत मी पुष्कळ वर्षं बाळगली होती. ती त्या दिवसांत गेली.

पाऊस सुरू झाल्यावर तो घरी जातो म्हणाला. नाचणीची रोपं लावायची होती. मी अडवलं नाही. मोखाड्याच्या दवाखान्यातल्या नर्सकडे मी बर्फाच्या पेटीतून कुप्या पोचवायची, आणि तो जीपनं खाली येऊन सुई घेऊन जायचा. क्षयाच्या गोळ्या एव्हाना संपायला हव्या होत्या. पण मध्ये दोनदा कावीळ झाली, त्या थांबवून पुन्हा सुरू कराव्या लागल्या. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, हा हिवाळा इंटरफेरॉनवर काढू, मग दुसरं औषध देऊ.

मोखाड्याच्या आठवडे बाजारात बाबूशेठचं कापडाचं दुकान आहे. लहानूच्या घरचे लुगडी-टॉवेल तिथूनच घ्यायचे. बाबूशेठनाही बी पेशींचाच रक्तकर्करोग होता, पण दुसरा, संथ. माझ्या तिसऱ्या बशीतला. मीच तो काही वर्षांपूर्वी एका साध्या तपासणीत पाहिला होता. बरीच वर्षं त्यांना औषधही लागलं नाही. भेटले की म्हणायचे, डॉक्टर, तुमचा पाहुणा अजून गुण्यागोविंदानं राहतोय. त्या वर्षी मात्र गळ्यातल्या, काखेतल्या गाठी वाढल्या, रक्त उतरू लागलं. मुंबईहून आणलेल्या गोळ्या सोसल्या नाहीत, आतून रक्तस्राव झाला आणि त्या बंद कराव्या लागल्या.

आणि अशा दिवसांत लहानू नाचणीचं पोतं खांद्यावर घेऊन त्यांच्या दुकानासमोरून गेला. आदल्या साली त्याला दोघांनी धरून जीपमध्ये चढवलेलं शेठच्या मुलानं, संजयनं, पाहिलं होतं. त्यानं हाक मारून विचारलं. लहानूनं अभिमानानं सगळं सांगितलं, रक्ताचा कॅन्सर, थंडीची सुई, पोटावरची रेघ.

दुसऱ्याच दिवशी संजय माझ्याकडे आला. शिकलेला, नीट बोलणारा मुलगा, वडिलांवर जीव असलेला. त्याला ती सुई हवी होती. मी कागद घेतला, तीन बशा काढल्या, जे वर लिहिलं तेच सांगितलं. तुझ्या वडिलांच्या पेशींना या औषधानं मरण येत नाही, उलट आधार मिळतो. निदान बशीत तरी मी तेच पाहिलंय. मुंबईच्या डॉक्टरांना विचार, तेही नाहीच म्हणतील. त्यानं मान हलवत सगळं ऐकलं. मग म्हणाला, "मॅडम, बशीत पाहिलंय, माणसात नाही ना? पाड्यावरचा माणूस बरा होतो तुमच्या हातून, मग माझे वडील का नाही?"

मी म्हटलं, नाव सारखं असलं तरी आजार वेगळा आहे. हे वाक्य मी जन्मात अनेकांना सांगितलंय. ते खरं आहे, आणि कोणालाही ते खरं वाटत नाही.

थंडी पडायच्या सुमाराला औषध येईनासं झालं. जुनं औषध, मागणी थोडी. कंपन्यांनी ते बनवणं एकेक करून सोडून दिलं होतं. मुंबईच्या ज्या वितरकाकडून आमच्या कुप्या यायच्या त्याच्याकडे शेवटचा थोडा साठा होता. तो आमच्यासाठी ठेवीन असं तो म्हणाला होता. मी मागणी कळवली तेव्हा तो ओशाळून म्हणाला, "मॅडम, तो तर गेला. तुमच्याच भागातली पार्टी होती, मोखाड्याची. मला वाटलं तुमच्याकडूनच आलेत."

मी जीपनं मोखाड्याला गेले. बाबूशेठ दुकानामागच्या खोलीत पडून होते. चेहरा मेणासारखा, गळ्याच्या गाठी सदऱ्याच्या कॉलरबाहेर आलेल्या. संजयनं कोणाकडून तरी त्यांना सुया टोचवल्या होत्या. हुडहुडी आणि ताप सगळा आला होता. लहानूलाही असाच ताप यायचा, म्हणजे दवा लागू पडतेय, असं घरातल्यांनी धरून चाललं होतं. गाठी मात्र वाढतच होत्या. त्या औषधानं वाढल्या की आजाराच्या गतीनं, हे मला आजही सांगता येणार नाही. माणूस बशी नसतो, हे संजयचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर होतं.

मी लहानूचं सांगितलं. दोष द्यायला आले नव्हते, उरलेल्या कुप्या मागायला आले होते. बाबूशेठनी डोळे उघडले. "दे तिला सगळ्या," ते म्हणाले. "माझं काय होतंय ते मला कळतंय. त्याचं घर चालू राहू दे."

संजय उठला. फ्रीजचं दार उघडलं, आणि त्याच्या आतलं वरचं छोटं दार उघडलं, बर्फाच्या कप्प्याचं. खोका तिथे होता. बर्फानं कप्प्याला चिकटला होता, त्यानं चमच्यानं तो सोडवला. मी एक कुपी हातात घेऊन उजेडात धरली. आत पांढरा खडा होता.

इंटरफेरॉन थंडीत ठेवायचं असतं, पण गोठवायचं नसतं. ते प्रथिन आहे. गोठलं की मोडतं. मग ते वितळून पाण्यासारखं स्वच्छ दिसलं तरी त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. संजय म्हणाला, "थंड ठेवा म्हणून सांगितलं होतं. गेल्या आठवड्यापासून लाईट सारखी जातेय. म्हणून मी जास्त थंड जागी ठेवलं." त्यानं बापासाठी आपल्या परीनं काळजीच घेतली होती.

खोका मी बरोबर घेतला. मुंबईला विचारलं, ते म्हणाले, टोचू नका. तो सुईचा दिवस होता. मोखाड्याच्या दवाखान्याच्या ओट्यावर लहानू घोंगडी मांडीवर घेऊन बसला होता. माझ्या हातात खोका बघून त्याचा चेहरा खुलला. "आली काय दवा?" मी त्याच्याजवळ बसून सगळं सांगितलं. त्यानं खोका हातात घेतला. मग म्हणाला, "शेठला बरा वाटला काय?" मी नाही म्हटलं. "मंग कुणालाच नाय," तो म्हणाला. त्यानं खोका मला परत दिला आणि जीप बघायला उठला.

त्यानंतर मी मला ठाऊक होते तेवढे सगळे दरवाजे वाजवले. दुसऱ्या शहरांतले वितरक, जुने सहकारी, त्याच गटातलं दुसऱ्या प्रकारचं औषध. कोणी नाही म्हटलं, कोणी बघतो म्हटलं. इंटरफेरॉनचं हेच दुबळेपण आहे. ते आजार दाबून धरतं, उपटून टाकत नाही. हात सुटला की तो पुन्हा वर येतो. रेघ ओढली की पुढच्या खेपेला पाणथरी रेघेच्या खाली आलेली असायची. लहानूनं एका खेपेला माझ्या हातातलं पेन हळूच बाजूला केलं आणि म्हणाला, नको काढू.

बाबूशेठ होळीआधी गेले. त्यांच्यामागोमाग लहानूला न्यूमोनिया झाला. मुंबईला नेला. क्षय असो की काही असो, आता थांबून उपयोग नाही म्हणून तिथल्या डॉक्टरांनी जोरदार औषध द्यायचं ठरवलं. ते सुरू व्हायच्या आत तो गेला. सोनीनं त्याला घरी सूर्यमाळला आणला. मला दोन दिवसांनी कळलं.

मी वर गेले तेव्हा ऊन कडक होतं. विहिरीला तळ लागला होता, आणि बाया टँकरच्या वाटेकडे डोळे लावून हंडे मांडून बसल्या होत्या. सोनी मला बघून उठली, मला घरात घेऊन गेली, तांब्यातून पाणी दिलं. मी घोटभर घेतलं. ती हकीकत सांगत होती, मुंबईचा वॉर्ड, तिथली गर्दी, शेवटी त्यानं मागितलेली नाचणीची पेज. बोलता बोलता खोकत होती. पदर तोंडाला लावून, खोल, ओला खोकला. मी विचारलं, किती दिवस झाले? ती म्हणाली, थंडीपासून हाय.

वर्षभर एका खोलीत झोपलेली बायको. क्षयाला याहून जास्त काही लागत नाही. मी तिला खाली चल म्हटलं. थुंकी तपासू, छातीचा फोटो काढू. तुझ्या आजारावर औषध आहे, ते मिळतं, ते बंद झालेलं नाही. दारात पाड्यावरच्या दोघीतिघी उभ्या होत्या. त्यातली एक म्हणाली, त्यालाही असंच सांगून नेलेला. सुईनं ताप भरवला आणि माणूस खाल्ला. सोनीनं तिला हातानं गप्प केलं. मग माझ्याकडे वळून, राग न धरता, समजावल्यासारखी म्हणाली, "तू त्याला बरा केलास, बाय. मी बघितला. नांगर धरला त्यानं. आन् मंग तो मेला. एकदाच मेला असता तर मी सोसला असता. मना नको बरी करू."

मी मुलीचं सांगून पाहिलं. तुला झालंय ते तिला होईल. ती म्हणाली, ती शाळेतच राहते, इथं येत नाय. मग उठून हंडा घेतला, कारण टँकरचा आवाज आला होता.

निघताना मी थुंकीची डबी तिच्या उंबऱ्यावर ठेवली. सकाळी उठल्याबरोबर चूळ भरून, खोल खोकून यात थुंक आणि जीपवाल्याकडे दे, एवढंच सांगितलं. आरोग्यसेविकेलाही सांगून ठेवलं. ती दोनदा जाऊन आली, दोन्ही वेळा सोनी रानात गेलेली होती.

पुढच्या आठवड्यात जीपवाल्यानं डबी माझ्या टेबलावर आणून ठेवली. मी घाईनं झाकण उघडलं. डबी रिकामी होती. त्या पाण्याच्या टंचाईत तिनं ती आतून-बाहेरून स्वच्छ धुऊन परत पाठवली होती.